आयुष्याचं उष्टं

भवानी पेठ, सोलापूर
२४ एप्रिल २०२५

तात्या,

तुला मोठी बातमी सांगायची आहे, पण आधी छोटी सांगतो. मला मुरूम आला आहे.

हसलास ना? मीही हसलो. शहात्तराव्या वर्षी, खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी लालीवर. परवा बँकेतून भर उन्हात चालत आलो, रात्री कसकस झाली, आणि सकाळी ओठ चुणचुणायला लागला, जणू कुणी झोपेत मिरचीचं बोट लावून गेलंय. दुपारपर्यंत चार-पाच बारीक दाणे एकमेकांना बिलगून वर आले. आत पाणी. आपल्या शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्याला काय भारदस्त शब्द होता, आठवतो? तारुण्यपिटिका! मी आरशासमोर उभा राहून तो शब्द मोठ्यानं म्हटला आणि खाली मागाचा खडखडाट चालू असताना एकदम आपलं वसतिगृह माझ्यासमोर उभं राहिलं. तुझ्या गालांवर मुरमांचं पीक आलं होतं आणि तू वडिलांच्या लोकर कातरायच्या कातरीच्या टोकानं एकेक फोडत बसायचास. उशी रक्तानं भरायची. गुरुजींनी विचारलं, "तात्याबा, कोणी रे मारलं तुला?" तू म्हणालास, "वयानं, गुरुजी." वर्ग हसला, तुला छड्या बसल्या, आणि मी मात्र ते वाक्य वहीत कवितेसारखं लिहून ठेवलं.

आता मोठी बातमी. श्रावणीला मुलगी झाली. माझ्या नातीला मुलगी, म्हणजे मी पणजोबा. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, जुळे सोलापूर वसाहतीत. बारसं तीस तारखेला.

तुला आमच्या घरची रीत ठाऊक आहे. बाळाच्या कानात नाव सांगून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं बाळाच्या ओठांना ओठ लावायचे. आमची आजी त्याला आयुष्याचं उष्टं म्हणायची. आपण जगलेलं सगळं त्या एका मुक्यातून बाळाला द्यायचं. दोन वर्षांपूर्वी श्रावणीचं पहिलं बाळ झालं तेव्हा मी बार्शीला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पडलो होतो. माझ्या वाटचं उष्टं तिच्या सासूनं, अनसूयाबाईंनी दिलं. तसं त्यांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलंही. ते बाळ टिकलं नाही. ताप डोक्यात गेला म्हणाले. तात्या, कुणाला बोललो नाही, पण तेव्हापासून मनात येतं, मी तिथं असतो, माझी एवढी वर्षं त्याच्या ओठांवर ठेवली असती, तर राहिलं असतं ते.

या वेळी चुकवणार नाही. पाळणाही रचला आहे. वाच:

नीज माझ्या सोनुले, नीज गं बाई,
दाराशी ऊन उभं, घाईच घाई.
उन्हाला सांगू या, हळूच ये रे,
वहाणा काढून उंबऱ्याशी ये रे.

नातजावई तेवढा घुमा आहे. आशिष. चिंचोळी एमआयडीसीत नट-बोल्टच्या कारखान्यात माल तपासतो. माणसाकडेही तसाच बघतो, कुठे चीर गेली आहे का असा. तू त्याला लग्नात पाहिलं आहेस. चालायचंच.

तुला ऐकू येईनासं झाल्यापासून फोन मुका झाला, पण त्यामुळे पत्रं सुरू झाली, हे मला बरंच वाटतं.

तुझा
बाळू


बिरोबाची वस्ती, ता. सांगोला
२७ एप्रिल

बाळ्या,

पत्र नातवाच्या, बिरुदेवाच्या हातनं धाडतोय. त्यो बाजाराला येतोय. पोरगं चांगलं हाय, पर कानात सारखी ती वायर घालून असतंय. म्हंजी घरात बहिरं दोन, येक मी आन येक त्यो.

तुला मुरूम आला म्हणं! कारभारणीला, केराबाईला वाचून दावलं. ती म्हणाली, मास्तरास्नी दुसरी बायकू बगा आता. लई हसली. लई दिसांनी हसली बग.

औषद सांगतो, ध्येन दिऊन वाच. बाभळीचा काटा घ्यायचा, दिव्यावर धरायचा, आन समदं दाणं फोडायचं. पाणी निगून जाऊ दे. भ्यायचं न्हाय. मंग वरनं चुना. म्हातारपणी रगात जोर करतंय, त्याला वाट पायजे. मी पोरपणी फोडलं, मेलो का?

हितं लई वंगाळ झालं. परवा लांडगं आलं. कोकरं फाडली. येका मेंढीचं प्वाट उगडं पडलं व्हतं आन ती तशीच हुबी, आतडी मातीत, आन चारा खाती. मीच सुरी फिरीवली तिच्यावर. दुसऱ्या दिशी परत आलं, तवा काठी घिऊन अंधारात घुसलो. दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, पर बाळ्या, काठीतनं हाड मोडल्यालं कळतंय. हातापतोर येतंय ते. सकाळी काठीला रगात आन केस.

तुजा जावई घुमा असू दे न्हायतर कसा. तुजी रीत तू कर. पणज्याचा मुका मिळाय नशीब लागतंय. कुणी आडवं आलं तर मला कळीव. आपुन वसतिगृहात शपत घेतली व्हती, येकाला मारलं तर दोगांस्नी लागतंय. ती मी इसरलो न्हाय.

तात्याबा


भवानी पेठ
१ मे

तात्या,

अक्षर लागलं तर वाच.

काल माझा एक दात पडला. पडला म्हणजे पाडला. वरचा, पुढचा. घुगऱ्यांच्या परातीत जाऊन पडला आणि बारशाला आलेल्या बायका तो हरभऱ्यांतून शोधत बसल्या.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी मुरूम काट्यानं फोडला होता. चिघळला थोडा, पण ते जाऊ दे. नवा सदरा, धोतर, खिशात पाळणा. बायकांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, जुई. पाठीत धपाटे झाले, हशा झाला. अनसूयाबाईंनी बाळ माझ्या पुढ्यात धरलं आणि म्हणाल्या, "या मास्तर, या खेपेला तुमच्या वाटचं उष्टं तुम्हीच द्या." काय ते तोंड, तात्या! जाईच्या कळीएवढं. दुधाचा वास. मी डोळे मिटले आणि वाकलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. बाळ हातांतून गेलं. कुणीतरी हिसकलं. मी डोळे उघडतो तो आशिषची मूठ. एक शब्द नाही, तात्या. शिवी नाही, ओरडणं नाही. तोंड घट्ट मिटलेलं आणि मूठ. ओठ दातांवर आपटून फाटला, रक्त थेट सदऱ्यावर. मी पाळण्यावर पडलो, पाळणा कलंडला, रिकामा होता म्हणून बरं. उठायला गेलो तर दुसरी मूठ, कानशिलावर. मग गळपटीला धरून मला दारापर्यंत फरफटत नेलं. माझी एक वहाण जिन्यात राहिली. अनसूयाबाई किंचाळत होत्या, "आशिष, अरे वेड लागलं का तुला? म्हातारं माणूस आहे ते!" आणि तो आईकडे बघून थांबला. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलला. मिटलं. आणि मला ढकललं.

अनवाणी, रक्तानं भरलेला, रिक्षात बसून आलो. रिक्षावाला म्हणाला, "गिर गये क्या, चाचा?" मी म्हणालो, हो.

का मारलं? रात्रभर विचार केला. मी गरीब म्हणून? माझा मुका त्याच्या मुलीला घाण लागतो म्हणून? वर्गात आपण किती कविता पाठ केल्या, तात्या. त्या एवढ्या कवितांत म्हाताऱ्याला मारणाऱ्या माणसावर एकही नव्हती. त्यामुळे असल्या वेळी काय म्हणायचं असतं ते मला येत नाही.

फोन बंद करून कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे. श्रावणी करत असेल, करू दे. दार मी कुणाला उघडणार नाही.

तू असतास तर.

बाळू


बिरोबाची वस्ती
५ मे

बाळ्या,

काम झालं.

तुजं पत्र वाचलं आन भाकर तशीच ठिवली. बिरुदेवाच्या गाडीवर बसलो. चिंचोळीला दुपारी पोचलो. ऊन आसं की डांबर पायाला चिकटत व्हतं. पाळी सुटली. लग्नात अक्षता टाकल्या व्हत्या त्याच्यावर, तोंड वळखू आलं. भायेर आला, गाडीला किल्ली लावाय लागला. बिरुदेवाला म्हणलं, तू हितंच गाडी चालू ठिव. त्याच्या कानात वायर.

मी फुडं गेलो आन म्हणलं, भवानी पेठेतल्या मास्तरास्नी कुणी मारलं? त्यानं माज्याकडं बगितलं. वळखलं आसंल. हात जोडलं. मी काठी घातली. पैली खांद्यावर, दुसरी कोपरावर. कोपर मोडल्यालं हातात आलं, तुला सांगितलं व्हतं तसं. त्यो खाली बसला आन कायतरी बोलाय लागला. तोंड हालत व्हतं, सारखं हालत व्हतं, डोळ्यातनं पाणी, आन बोट आपल्याच वठावर ठिवून मला कायतरी दावत व्हता. मला काय ऐकू येतंय? आता बोलतोस व्हय रं, म्हणलं, म्हाताऱ्याला मारताना मुका झाला व्हतास. तिसरी टाळक्यात घातली. आडवा झाला. रगात डांबरावर वाळाय लागलं लगीच.

लोकं धावली तवर आमी निगालो.

आता फोडाची काळजी घे. चुना लाव.

येकाला मारलं तर दोगांस्नी लागतंय.

तात्याबा


सोलापूर, हॉस्पिटलमधून
७ मे

तात्या,

तुझं पत्र मिळण्याआधीच बातमी मिळाली होती. खालच्या मजल्यावरचा मल्लप्पा दार फोडायला आला तेव्हा उघडलं. म्हणाला, "मास्तर, तुमच्या जावयाला कुणी तरी कुटलंय, शुद्धीवर नाही." पायांत घालायला एकच वहाण होती.

तो जगेल. पहिलं हे लिहितो, म्हणजे पुढचं वाचायला तुला धीर राहील. डोक्याला टाके आहेत, कोपरात सळई घातली आहे. उजवा हात आहे. तो हात आता सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणतात.

आता खाली बस आणि वाच. केराबाईला वाचून दाखवू नकोस.

श्रावणीनं मला जिन्याखाली नेलं. अठरा-वीस दिवसांची बाळंतीण, तान्हं घरी शेजारणीपाशी ठेवून आलेली, पान्ह्यानं ओचा ओला. रडली नाही. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "हा मुरूम आहे का, आजोबा?"

मी म्हणालो, "हो. तारुण्य..." तिनं मला पुरं करू दिलं नाही.

"मुरूम कातडीच्या छिद्रात येतो. गालावर, हनुवटीवर, मिशीत. ओठाच्या लालीवर येत नाही. मुरमाला टोक असतं, पांढरं नाहीतर काळं, बहुतेक एकेकटा येतो आणि दाबला तर ठणकतो. हा येण्याआधी चुणचुणला ना? आग झाली ना? मग पाण्याच्या दाण्यांचा घोस आला ना? फुटला, पाझरला, आता मधासारखी खपली धरली. आणि दर उन्हाळ्यात, ताप आला की, ह्याच कोपऱ्यात येतो. येतो की नाही, सांगा!"

येतो, तात्या. दरवर्षी येतो. गावाकडे त्याला 'जर मुतला' म्हणतात, जर म्हणजे ताप, तापानंतर उठतो म्हणून. मला शब्द ठाऊक होता. पण तारुण्य जास्त गोड वाटलं.

"मोठ्या माणसाला ह्याचं काही होत नाही," ती म्हणाली. "आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. पण तान्ह्याच्या तोंडाला ते पाणी लागलं तर ते मेंदूत जातं. पहिल्या बाळानं आधी दूध सोडलं. मग झटके. डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाच आत बोलावून विचारलं, ओठावर फोड असलेल्या कुणी ह्याचा मुका घेतला होता का?"

मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "आईंच्या ओठावर होता. तुमच्या वाटचं उष्टं देताना होता. फोटोत दिसतोय."

आशिषनं तो फोटो पुसून टाकला आणि श्रावणीकडून वचन घेतलं. आईला कळता कामा नये. अनसूयाबाई आजही त्या बाळाचं टोपडं उशीखाली घेऊन झोपतात. कळलं तर त्या विहीर जवळ करतील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ह्या खेपेला घरात सगळ्यांना साथीचं कारण सांगून मास्क लावायला लावले होते. बारशाच्या दिवशी मात्र त्या ऐकेनात. म्हणाल्या, मास्तरांनी तोंड झाकून उष्टं द्यायचं का?

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. बारशाला मी दारात पाऊल टाकलं तेव्हा आशिष पुढे आला होता. त्यानं माझ्या ओठाकडे बघितलं, रंग उतरला त्याचा. हातात मास्क दिला. हळूच म्हणाला, "आजोबा, हे लावा आणि लांबूनच बघा. पाया पडतो तुमच्या." मी तो मास्क घडी करून खिशात घातला. पाळण्याच्या कागदाबरोबर. मला अपमान वाटला. आणि तुला लिहिताना हे लिहिलं तर तुझा राग कमी होईल, म्हणून गाळलं.

मी वाकलो तेव्हा तो ओरडू शकत होता. काय ओरडला असता? "त्यांच्या ओठावर फोड आहे, बाळ मरेल!" आणि समोर आई उभी. ती एका वाक्यात सगळं समजली असती. त्याच्याकडे आईला न मारता मुलीला वाचवणारा एकही शब्द नव्हता, म्हणून मूठ वापरली. दुसरी मूठ का, ते मी विचारलं. श्रावणी म्हणाली, "ती दोन वर्षं साठलेली होती."

मूल ठीक आहे. माझे ओठ तिला लागले नव्हते. एवढंसं अंतर होतं.

तुझ्या काठीखाली तो जे बोलत होता ते हेच असावं. आई तिथं नव्हती, म्हणून पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होता. ओठावर बोट ठेवून दाखवत होता म्हणतोस. ते तुला समजावत होता. आणि ऐकायला देवानं कुणाला पाठवलं तर तुला.

पोलीस आले होते. शुद्धीवर आल्यावर त्यानं जबाब दिला, गाडीवरून पडलो. तुझं नाव घेतलं असतं तर कारण निघालं असतं, आणि कारण त्याला नको आहे. तेव्हा तुला धरायला कुणी येणार नाही. ह्यापेक्षा धरलं असतं तर बरं, असं तुला वाटेल. मलाही माझ्यापुरतं तसंच वाटतं.

हे पत्र चुलीत घाल.

बाळू


बिरोबाची वस्ती
१२ मे

बाळ्या,

पत्र चुलीत घातलं. जळताना बगत बसलो.

काठी मोडाय गेलो, मोडंना. पन्नास वर्साचं तेल पिल्याली. शेवटी कुऱ्हाडीनं तोडली. आता मेंढरामागं रिकाम्या हातानं जातोय, कुत्री माज्याकडं बगत्यात.

तुला न इचारता सोलापूरला आलो व्हतो. तुज्याकडं आलो न्हाय. सरळ दवाखान्यात गेलो. त्यो निजला व्हता. त्याची आई बाजूला, तोंडाला फडकं बांधून. तिनं मला कसं वळखलं ठावं न्हाय. फाटकावरल्या लोकांनी सांगितलं आसंल, घोंगडीवाला म्हातारा व्हता म्हणून, आन लग्नात तिनं मला तुज्यासंगं बगितलं व्हतं. हुटली. पायातलं काढलं आन माज्या तोंडावर मारलं. परत मारलं. नाक फुटलं. मी हुबा ऱ्हायलो. ती बोलत व्हती, लई बोलत व्हती. इचारत आसंल, का मारलंस माज्या पोराला? बाळ्या, जल्मात पैल्यांदा बिरोबाला म्हणलं, बहिरं केलंस ते बरं केलंस. ऐकू आलं आसतं तर उत्तर द्यावं लागलं आसतं.

पोरगा जागा झाला आन त्यानं बगितलं. डाव्या हातानं आईला धरलं. मंग माज्याकडं बगून बोट वठावर ठिवलं. या खेपेला मला कळलं. गप ऱ्हावा म्हणत व्हता. मी मान हालवली.

बाभळीचा काटा मी सांगितला व्हता. त्यो इचार जात न्हाय डोक्यातनं. सा कोकरं लांडग्यानं फाडली तवा वाटलं व्हतं, ह्यापरीस वंगाळ काय आसतंय. आता कळतंय.

तू काय तरी कर. तू शब्दाचा माणूस. माज्याकडं काठी व्हती, तीबी ऱ्हायली न्हाय.

तात्या


भवानी पेठ
२५ मे

तात्या,

तू म्हणालास शब्दाचा माणूस. त्यावरच लिहितो.

खपली पडून गेली. ओठ कोरा झाला, आत दात लागून फाटला होता तिथला वळ तेवढा राहिला. तरी डॉक्टरांना विचारून, मास्क लावून गेलो. आशिष घरी आला आहे. हात लाकडासारखा वाकडा, गळ्यात अडकवलेला. कारखान्यानं माल तपासायचं काम डाव्या हातानं जमतं का बघू म्हटलंय.

अनसूयाबाई दारातच उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. "मास्तर, आत यायच्या आधी सांगा. माझ्या मुलानं आजवर मुंगी मारली नाही. त्यानं तुम्हाला का मारलं? आणि तुमच्या त्या राक्षसानं माझ्या मुलाचा हात का मोडला? घरात विचारते तर सगळे भिंतीकडे बघतात. मला काय कुकुलं बाळ समजलात?"

त्यांच्या मागे श्रावणी, जुईला छातीशी धरून. आशिष पलंगावर अर्धा उठलेला. त्याचा चेहरा, तात्या, बारशाच्या दिवशी दारात होता तसाच. पाया पडतो तुमच्या, म्हणणारा.

बत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की खोटं बोलू नये. फळ्यावर सुविचार लिहिले. आणि तिथं उंबऱ्यावर उभं राहून मी म्हणालो, "अनसूयाबाई, मी त्याला त्याच्या वडिलांवरून शिवी दिली होती. दारातच. हळू आवाजात. तुम्हाला ऐकू गेली नाही."

"कसली शिवी?"

मी सांगितली. खरी, तात्या. वसतिगृहात तू स्वयंपाक्याला द्यायचास ती. माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाली आणि इतकी साफ निघाली की माझाच मला धक्का बसला.

बाईंचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली. देवमाणूस होते. त्या पांढऱ्या पडल्या. मग लाल झाल्या. त्यांनी मला मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं असं वाटावं, अशा त्या बघत राहिल्या.

"आणि वर मित्राला पाठवलंत?"

"पाठवला."

"मास्तर म्हणून मी तुमच्या पाया पडत होते. ह्या तोंडानं माझ्या नातीला उष्टं देणार होतात? आज सांगते, जुई मोठी होईपर्यंत हा उंबरा ओलांडायचा नाही. तिला हात लावायचा नाही. बघायचं तर इथून बघा."

"बरं," मी म्हणालो.

आशिषनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. आईला वाटलं, रागानं.

मला वाटलं होतं, तात्या, की आयुष्याचं उष्टं म्हणजे ओठाला ओठ. तसं नसावं बहुधा. मी माझं नाव तिथं ठेवून आलो, बत्तीस वर्षांचं, आणि त्याच्या जोरावर एक आई रात्री झोपू शकेल.

निघालो तर जुई रडायला लागली. ऊन असं होतं की पायरी भाजत होती. श्रावणीनं बघितलं माझ्याकडे. मी वहाणा काढल्या, उंबऱ्याच्या बाहेर बसलो, भिंतीला पाठ टेकून, त्यांना दिसणार नाही असा. मास्कमधूनच म्हणायला लागलो. नीज माझ्या सोनुले, नीज गं बाई. दाराशी ऊन उभं. एक दात नाही, त्यामुळे शब्दांतून वारा जातो. तरी म्हटला. पुन्हा म्हटला. रडणं थांबलं.

आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, "आवाज चांगला आहे हो तुमचा. जीभ तेवढी घाण."

"हो," मी म्हणालो.

थोड्या वेळानं चौकटीतून एक हात बाहेर आला आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेला.

रविवारी पुन्हा जाणार आहे. तू ये. काठीशिवाय ये. माझ्या शेजारी बस. तुला पाळणा ऐकू येणार नाही आणि मला आत जाता येणार नाही, पण ती झोपली की श्रावणी दाराशी आणून दाखवेल, लांबून.

बाळू